पाटी, पेन्सिल आणि साक्षीदार



विषय जाहीर झाल्यापासून मला दोन प्रकारची माणसं भेटताहेत. एक विचारतात, "भुतांवर बोलणार म्हणे, या वयात?" दुसरे हळूच बाजूला घेऊन सांगतात, "आमच्या आत्याकडे पाटावर वाटी फिरायची. तिचं काय म्हणाल?" (हशा) आज दोघांचीही निराशा होणार आहे, तेव्हा राग आधीच आवरून ठेवा.

फॉक्स भगिनींची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊकच आहे. 1848 ची हाइड्सव्हिलमधली, आत्म्याची म्हणून गाजलेली टकटक, 1888 मध्ये मार्गारेटनं भर सभेत दिलेली कबुली की तो पायाच्या बोटांचा आवाज होता, आणि पुढच्याच वर्षी ती कबुली मागे घेणं. ते सोडून देतो. क्रुक्सही सोडतो. थॅलियम हे मूलद्रव्य शोधून काढणारा माणूस एका तरुण मुलीच्या बैठकीत प्रकटलेल्या 'आत्म्या'च्या हातात हात घालून फोटो काढून घेतो, एवढं म्हणतो आणि पुढे जातो.

1882 साली लंडनमध्ये सायकिकल रिसर्च सोसायटी निघाली. पहिले अध्यक्ष हेन्री सिज्विक. केंब्रिजचा हा तत्त्वज्ञ चर्चच्या मतांवर सही करणं मनाला पटेना म्हणून 1869 मध्ये फेलोशिप सोडून बसला होता. बरोबर मायर्स, गर्नी, बॅरेट. श्रद्धा सुटलेली, पण सुटली म्हणून सुखात नाहीत, अशी ही माणसं. मेल्यानंतर काही उरतं का, हे प्रयोगानं बघू म्हणाली. माझं म्हणणं असं, आणि ते मी गेली कित्येक वर्षं ऐकेल त्याला सांगतो आहे, की ती मेलेल्यांना शोधायला निघाली आणि त्यांच्या हाती लागला तो जिवंत माणूस. प्रामाणिक, शिकलेला, शुद्धीवर असलेला माणूस डोळ्यांनी काय बघतो आणि तासाभरानं त्याला काय आठवतं, हा त्यांचा खरा शोध. त्याचं श्रेय त्यांना आपण आजवर दिलेलं नाही.

आता मुंबईकडे येतो. थिऑसॉफीवाल्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी 1879 मध्ये मुंबईत उतरले आणि गिरगावात राहिले. 1882 च्या अखेरीस बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला गेलं. तिथे बाईंच्या गुरूंची, म्हणजे महात्म्यांची, पत्रं छतातून पडत, देव्हाऱ्यासारख्या एका कपाटात प्रकट होत. 1884 मध्ये घरच्याच कुलोम्ब दांपत्यानं बाईंची म्हणून पत्रं मद्रासच्या एका मासिकाला दिली आणि गवगवा झाला. लंडनच्या सोसायटीनं चौकशीला रिचर्ड हॉजसनला धाडलं. हा मेलबर्नचा, शरीरानं दणकट, स्वभावानं वकील. त्याची चौकशी चालू असतानाच, फेब्रुवारी 1885 मध्ये, आपला दामोदर मावळणकर अड्यार सोडून गेला. अहमदाबादचा मराठी तरुण, घरदार सोडून या मंडळींत आलेला. दार्जिलिंगमार्गे तिबेटकडे निघाला तो परतलाच नाही. हॉजसननं अहवालात त्यालाही लबाडीतला भागीदार ठरवलं. समोर थिऑसॉफिस्ट मंडळी बसली आहेत, त्यांच्या चेहऱ्यांवर दिसतंय मला. (हशा) म्हणून हेही सांगतो की हा अहवाल एकतर्फी आहे, असं हॅरिसन नावाच्या अभ्यासकानं 1986 मध्ये सविस्तर मांडलं, आणि ते छापलं त्याच सोसायटीच्या नियतकालिकानं. झालं समाधान? नाही झालेलं. असो.

माझ्या लेखी हॉजसनच्या भारतवारीचं मोल वेगळ्याच गोष्टीत आहे. एका हॉटेलासमोर एक गारुडी खेळ करत बसला होता. पुढ्यात दोन लाकडी बाहुल्या, शेजारी नाणी. तो बोलू लागला की बाहुल्या वाकायच्या, एकमेकींना धडकायच्या, नाणी उड्या मारायची. बघायला एक गोरा अधिकारी, त्याची पत्नी आणि हॉजसन, अगदी जवळ उभे. अधिकाऱ्यानं खिशातून स्वतःचं नाणं काढलं आणि विचारलं, हेही उडेल का? उडेल म्हणाला. नाणं जमिनीवर ठेवलं गेलं आणि उडालं. संध्याकाळी अधिकारी एका प्रवाशाला सांगतो आहे की नाणं माझं होतं आणि ते मी माझ्या हातानं ठेवलं. बायको म्हणते, अहो, तुमच्या हातातून त्यानं घेतलं होतं. नवऱ्यानं ऐकलं नाही. (हशा) पहिल्या रांगेतल्या भगिनी फारच हसताहेत. अधिकाऱ्यानं साक्षीला हॉजसनलाच ओढलं. हॉजसननं पाहिलं होतं ते असं : अधिकारी नाणं ठेवायला वाकला, आणि गारुड्यानं पुढे झुकून ते अलगद त्याच्या बोटांतून काढून घेतलं आणि स्वतः ठेवलं. सगळी करामत त्या क्षणात होती, आणि नेमका तोच क्षण अधिकाऱ्याच्या आठवणीतून निघून गेला होता. माणूस खोटं बोलत नव्हता, यावर माझा भर आहे. कोर्टात शपथेवर हेच सांगितलं असतं.

(वीज गेली.) कृपया टेबलाला कोणी हात लावू नये. (मोठा हशा) आली.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिली आहे, पंधरा मिनिटं उरली म्हणतात. माझ्या हिशेबानं व्याख्यान आता सुरू होतंय.

त्या काळी लंडनमध्ये एग्लिंटन नावाचं माध्यम गाजत होतं. दोन पाट्या, मध्ये पेन्सिलीचा तुकडा. पाट्या उघडाव्यात तर आत्म्याचा निरोप लिहिलेला. 1886 मध्ये एलिनोर सिज्विक यांनी ही निव्वळ हातचलाखी आहे असं छापलं, तर काही सभासद राजीनामा देऊन गेले. या बाई कोण? पुढे पंतप्रधान झालेल्या बॅल्फोरची बहीण, हेन्रीची पत्नी. लॉर्ड रॅले यांच्याबरोबर विद्युतरोधाच्या एककाची मोजमापं केलेली. या सगळ्या मंडळींत मला सर्वांत मोठ्या वाटतात त्या याच. आणि दुसरा डेव्ही. हा आधी एग्लिंटनवर भाळलेला तरुण. मग स्वतः जादू शिकला, वेगळं नाव घेतलं आणि पाट्यांच्या बैठका भरवू लागला. आलेल्यांना एकच विनंती : काय पाहिलंत ते लिहून द्या. ते अहवाल हॉजसननं तपासले आणि 1887 मध्ये सोसायटीच्या कामकाजात दोघांचा निबंध आला.

लोकांनी काय काय लिहिलं होतं! डेव्ही मध्येच खोलीबाहेर जाऊन आला, याचा अहवालात पत्ता नाही. घटनांचा क्रम मागेपुढे. जी पाटी नजरेआड झाली ती सतत डोळ्यांसमोर होती. न तपासलेली पाटी 'आम्ही नीट तपासली'. चांगली सुशिक्षित माणसं होती ही. आज मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला साक्षीदाराच्या स्मृतीबद्दल शिकवतात, त्या धड्याचा मूळपुरुष मला या दिवाणखान्यात दिसतो. आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस, डार्विनच्या बरोबरीचा वॉलेस, म्हणाला की सगळ्या करामतींचा उलगडा करा, नाहीतर डेव्ही हा खराच माध्यम आहे असं मी धरीन! डेव्ही बिचारा 1890 मध्ये वारला. त्याच्या युक्त्या हॉजसननं नंतर छापल्या.

अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या, पण थांबा. ज्यांनी हे उघड केलं त्यांनी दुकान बंद केलं नाही. 17,000 लोकांना विचारलं, जागेपणी तुम्हाला कधी न-असलेलं माणूस दिसलंय, आवाज ऐकू आलाय? 1,684 जणांनी हो म्हटलं. 1894 च्या त्या अहवालात मला आवडतो तो विसराळूपणाचा हिशेब. अलीकडच्या वर्षांतले अनुभव भरपूर, जुने विरळ. म्हणजे माणसं असले अनुभवही विसरतात, हे ओळखून त्यांनी आकडे सुधारून घेतले. आणि एवढं करून निष्कर्ष काढला की माणसाचा मृत्यू आणि त्याच वेळी दुसरीकडे त्याचं दिसणं, हे योगायोगानं घडावं त्याहून फार जास्त वेळा घडतं. मला तो निष्कर्ष पटत नाही. पण तो हसण्यावारी नेणाऱ्यानं आधी तो अहवाल वाचावा.

दुसरी चिठ्ठी. बॉस्टनच्या माध्यम पायपरबाई राहिल्या, ज्यांच्यामागे हॉजसननं गुप्तहेर लावले, काही सापडलं नाही, आणि हा कडवा संशयात्मा अखेर मृतात्मे मानू लागला. त्यांच्या तोंडून बोलणाऱ्या फ्रेंच डॉक्टरला फ्रेंच येत नव्हतं, तरीही. (हशा) 1905 मध्ये हॉजसन हँडबॉल खेळता खेळता गेला. मग तोही बाईंच्या तोंडून बोलू लागला. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं 1909 मध्ये त्यावर मोठा अहवाल लिहिला आणि ठाम निकाल दिला नाही. युसापिया नावाचं माध्यम राहिलं. तिची हातचलाखी 1895 मध्ये केंब्रिजला पकडली गेली ते राहिलं.

मायर्सचं पाकीट तेवढं सांगतो, मग बसतो. मायर्सनं 1891 मध्ये एक सीलबंद पाकीट भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉजकडे ठेवलं होतं. मेल्यावर आतला मजकूर माध्यमाकडून कळवायचा, असा बेत. 1901 मध्ये तो रोममध्ये वारला. पुढे केंब्रिजच्या व्हेरॉलबाईंच्या हातून आपोआप लिहिलं गेलं की पाकिटात प्लेटोच्या प्रेमावरच्या संवादाचा उल्लेख आहे. डिसेंबर 1904 मध्ये सभासदांसमोर पाकीट फोडलं. आत होतं की परत येता आलं तर कंबरलंडमधल्या हॅलस्टेड्सच्या बागेतली दरी बघायला आवडेल. जुळलं नाही. न जुळल्याची ती हकीकत लॉजनं लपवली नाही.

अध्यक्ष उभेच राहिले. प्रश्नांच्या चिठ्ठ्या दाराशी द्या. वाटीबद्दलच्या सगळ्या एकत्र ठेवा. (हशा, टाळ्या)