पोर शिकायला कधी लागतं?

(पाड्यांवरच्या रात्रशाळा चालवणारे कार्यकर्ते आणि पालक यांच्या शिबिरात संघटनेच्या शिक्षण गटातर्फे केलेलं भाषण)



सकाळपासून इथे जमिनीचं बोलणं झालं. कोणाचा प्लॉट यादीत आला, कोणाचा राहिला, कोणत्या पाड्याची चौकशी बाकी आहे, सगळं झालं. आता शाळेचा विषय निघाला तसे मागचे पाच-सहा जण तंबाखू मळायला बाहेर गेले. त्यांना आत बोलवा. आम्ही सांगणार आहोत तेही जमिनीचंच आहे.

पहिल्यांदा आमची चूक सांगतो. रात्रशाळा सुरू केल्या तेव्हा कंदील आणले, पाट्या आणल्या, भिंतीवर तक्ता लावला. पहिल्या आठवड्यात तीस पोरं आली. होळीपर्यंत सात उरली. आम्ही बैठकीत म्हटलं, पोरांना गोडी नाही, आईबापांना महत्त्व कळत नाही. तेव्हा एक म्हातारी आजी बोलली, "तुम्ही शिकवता काय ते तरी सांगा." आम्ही म्हटलं, अ अननसाचा. आजी म्हणाली, "अननस इथे कोणी पाहिलाय?" आम्ही गप्प बसलो.

साथींनो, पोरांना गोडी नाही हे खोटं आहे. हीच पोरं पहिल्या पावसात खेकडे धरायला अंधारात ओढ्याला जातात. शेवळं कुठे उगवतात ते त्यांना माहीत. कोणतं लाकूड नांगराला, कोणतं कुडाला, ते सांगतात. हे शिकवायला छडी लागली नाही. मग कसं शिकली? मोठ्यांबरोबर गेली, हाताने केलं. चुकलं तर पुन्हा केलं, कोणी बावळट म्हटलं नाही. आणि खेकडे घरी आणले तर घरच्यांनी कालवण करून खाल्लं. म्हणजे त्यांच्या शिकण्याचा घराला उपयोग झाला, त्यांना मान मिळाला. शाळेत यातलं काहीच नसतं. मग पोर टिकेल कसं?

आमच्या एका पाड्यावर काय झालं ते ऐका. एक बाबा एका रात्री शाळेत आले. छपरात खोचून ठेवलेलं प्लास्टिकचं पुडकं घेऊन आले. आत जंगलखात्याच्या दंडाच्या पावत्या. 31 मार्च 1978 च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा तेव्हा लागायचा, हे आपल्याला पाठ झालं होतं. ज्या पावत्या भरताना आपण रडलो, त्याच आज आपल्या बाजूने साक्ष देतात. त्या रात्री आम्ही तक्ता बाजूला ठेवला. पोरांना म्हटलं, यात काय लिहिलंय ते शोधा. नाव कुठे आहे? गाव? तारीख? रक्कम? पोरं कंदिलावर वाकून बसली. एक अक्षर लागलं की ओरडायची. दुसऱ्या रात्री प्रत्येकाने घरून पावती आणली. महिन्याभरात जी पोरं 'क' आणि 'फ' मध्ये गोंधळत होती, ती 'क्षेत्र' वाचायला लागली.

मग एका रात्री अकरा-बारा वर्षांच्या एका पोरीने एक पावती वाचली आणि हळूच म्हणाली, "काका, ही जमिनीची नाही. गुरं चारल्याच्या दंडाची आहे." त्या माणसाने ती पावती सोन्यासारखी जपली होती. त्याच्याकडे तेवढा एकच कागद होता. सगळे गप्प झाले. पोरगी रडायला लागली, तिला वाटलं आपण वाईट केलं. काका बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "साहेबासमोर कळण्यापेक्षा आज कळलं ते बरं झालं." दुसऱ्या दिवसापासून ते दुसरे पुरावे शोधायला लागले. काम अजून चालू आहे. पण त्या पोरीने त्यानंतर एकही रात्र चुकवली नाही. तिला आता कोणी 'शिक' म्हणून सांगत नाही.

अंगठ्याचं मोल आपल्याला सांगायला नको. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले आणि लग्नगडी म्हणून राबत राहिले, अशा आपल्या आज्या-पणज्यांनी 1945 साली लाल बावट्याखाली उभं राहून वेठ मोडली. तेव्हा त्यांना कागद वाचता येत नव्हता, तरी ते लढले. आता लढाई कागदावर आली आहे.

तर रात्रशाळेच्या साथींनी काय करावं?

एक. वाचायला पोरांच्या घरचं द्या. पाड्याचं नाव, ओढ्याचं नाव, आईचं नाव. मग रेशनकार्ड, मग पावती. मूळ कागद पोरांच्या हातात देऊ नका. हाताने नक्कल करून ती द्या.

दोन. गणित शेतात करा. 33 फुटांची सुंभाची दोरी घ्या. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. शेत पाच दोऱ्या लांब आणि आठ दोऱ्या रुंद भरलं तर किती? पाच आठे चाळीस, म्हणजे पुरा एकर. पाढे घोकून कंटाळलेल्या पोराला हे एकदा स्वतः मोजू द्या. शेत वाकडं असेल तर त्याचे चौकोन आणि त्रिकोण पाडायला लावा. सरकारी कागदावर हेक्टर-आर असतं. 100 आर म्हणजे एक हेक्टर, साधारण अडीच एकर. कागदावर वीस गुंठे आणि दोरीने चाळीस भरले, तर ते पोर बापाला विचारेल आणि बाप साहेबाला विचारेल.

तीन. बोली दाबू नका. आपण नागली म्हणतो, पुस्तकात नाचणी लिहिलंय. दोन्ही फळ्यावर लिहा. पोराने नागली म्हटलं म्हणून हसणारा गुरुजी त्याला कायमचा मुका करतो. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असं घटनेच्या कलम 350-क मध्ये म्हटलंय. पण बोलीवरच थांबूही नका. कचेरीतला कागद पुस्तकी मराठीत असतो, चौथीची आणि दहावीची परीक्षाही त्यातच असते. आपल्या बोलीत पाय रोवून तिथे जायचं.

चार. पोर जिथे आहे तिथे शाळा न्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला हेच केलं. पोरं बालवाडीत येईनात तर त्यांनी पाड्यावरच्या अंगणात वर्ग भरवले. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतात तिथेच शिकवलं. आपल्याकडे आवणीच्या दिवसांत पोरं शेतावर असतात, दिवाळीनंतर वीटभट्टीवर. ते गैरहजर आहेत म्हणून नाव काढून टाकणं हा उपाय नाही. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाबरोबर पाटी-पुस्तक आणि एक शिकलेला पोरगा जाईल, असं पाड्याने बघावं.

पाच. मारू नका आणि गोळ्या-बिस्किटांची लालूचही लावू नका. मार थांबला की अभ्यास थांबतो, गोळी संपली की पोर उठून जातं. त्यापेक्षा ज्याला दहा अक्षरं येतात त्याला पाच येणाऱ्याजवळ बसवा. दुसऱ्याला शिकवताना स्वतःचंही पक्कं होतं.

एक इशाराही देतो. पोरांना संघटनेचे कारकून करायचं नाही. पावत्यांबरोबर तारपा, गोष्टी, चांदण्या, दूरच्या देशांची माहितीही त्यांना मिळाली पाहिजे. कधीतरी त्यांना अननसही दाखवू!

आता आईबापांना. तुम्ही म्हणता, शिकलेलं पोर रानाला नावं ठेवतं, नांगराला हात लावत नाही. खरं आहे, आम्हीही पाहतो. जोतिराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे मागणी केली होती, की गुरुजी शेतकऱ्यांमधले असावेत, वेळ पडली तर नांगर धरायला लाज न वाटणारे. शंभर वर्षं उलटून गेली, ती मागणी अजून आपलीच आहे. गुरुजी मिळेपर्यंत तुम्ही एक करा. पोर शाळेतून आलं की "काय शिकलास?" म्हणून विचारा. तुम्हाला वाचता येत नसेल तर कागद त्याच्यापुढे धरा आणि म्हणा, मला वाचून दाखव. आणि तुम्हाला येतं ते त्याला सांगा. आपल्या शेताचा बांध कोणी घातला, कधी घातला, ते पोरांना वहीत लिहू द्या.

पुढच्या अमावास्येपर्यंत प्रत्येक पाड्याने एक दोरी करावी. 33 फूट, मोजून, गाठ मारून. पुढच्या बैठकीला तीच दोरी आणि पोरांनी मोजलेल्या शेतांची वही घेऊन या.

जोहार! जमीन आमच्या हक्काची, अक्षरंही आमच्या हक्काची! जिंदाबाद!