एक ठिपका, अनेक अर्थ

गांवांतील दोन पेढ्यांच्या खतावण्या आपण शेजारीं शेजारीं उघडल्या आणि दोहोंतही कांहीं नांवांपुढें तांबडा ठिपका आढळला, तर त्यावरून काय ठरवावें? एका पेढीवर ठिपका म्हणजे रक्कम वसूल झाली; दुसऱ्या पेढीवर तोच ठिपका म्हणजे रक्कम अजून येणें आहे. मुनिमास विचारल्यावांचून जो अर्थ लावील, तो फसेल. आज ज्या खुणेविषयीं मी बोलणार आहें, तिची गोष्ट अशीच आहे.

प्रत्येक प्राण्याच्या पेशींत डी. एन. ए. नांवाच्या द्रव्याची लांबच लांब सांखळी असते. चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली ती त्या प्राण्याची वंशपरंपरागत पोथीच होय. त्या अक्षरांपैकीं सायटोसीन या अक्षरावर, विशेषतः ज्याच्या पुढें ग्वानीन हें अक्षर येतें अशा सायटोसीनवर, शरीर कधीं कधीं एक चिमुकला अणुसमूह चिकटवितें. त्यांत एक कार्बन आणि तीन हायड्रोजन असतात. यालाच मेथिल-गट म्हणतात. अक्षर तेंच राहतें; त्यावर जणूं ठिपका पडतो. पेशी दुभंगली, म्हणजे अक्षरांबरोबर ठिपक्यांचीही नक्कल नव्या पेशींत उतरते.

हे ठिपके कोणत्या प्राण्यांत किती, हें पाहण्याची एक युक्ति १९८० सालीं एड्रियन बर्ड व त्यांच्या सहकारी यांनीं एडिंबरो येथें वापरली. सांखळींतील ठराविक चार अक्षरें दिसतांच ती तोडणाऱ्या दोन रासायनिक कात्र्या त्यांनीं घेतल्या. ठिपका असला कीं एक कात्री अडते. दुसरी अडत नाहीं. दोहोंनीं पाडलेल्या तुकड्यांची तुलना करतां प्राण्यांचे तीन वर्ग दिसून आले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ठिपके पोथीभर पसरलेले. समुद्रांतील सी-अर्चिनसारख्या काटेरी प्राण्यांत कांहीं पानें ठिपक्यांनीं भरलेलीं आणि बाकीचीं कोरीं. कीटकांत मात्र ठिपका आढळलाच नाहीं.

मग हा ठिपका जीवनास आवश्यक आहे काय? १९९२ सालीं उंदरांवर केलेल्या प्रयोगांत ठिपक्यांची नक्कल उतरविणारें प्रथिन निकामी करण्यांत आलें, तेव्हां तीं पिलें गर्भांतच दगावलीं. म्हणजे उंदीर म्हणेल, ‘आवश्यक आहे.’ पण प्रयोगशाळांतून पाळल्या जाणाऱ्या फळमाशीकडे तें प्रथिनच नाहीं. तेथेंच पाळल्या जाणाऱ्या मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीकडेही नाहीं. दोघांचेही संसार त्यावांचून सुरळीत चालतात.

तर मग सर्व कीटकांस फळमाशीच्या मापानें मोजावें काय? तेंही चुकेल. २००६ सालीं मधमाशीची पोथी वाचून झाली, तेव्हां ठिपके देणारीं प्रथिनें तिच्यांत आढळलीं. मात्र ठिपके अतिशय विरळ. २०१० सालीं तिच्या मेंदूंत केलेल्या मोजणींत सहा कोटींहून अधिक सायटोसीनांपैकीं सुमारें सत्तर हजारांवरच ते सांपडले. मनुष्यांत मात्र सायटोसीन-ग्वानीन अशा दर शंभर जोड्यांपैकीं सत्तर ते ऐंशी जोड्यांवर ठिपका असतो.

पण विरळ म्हणजे निरुपयोगी नव्हे. २००८ सालीं ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें शास्त्रज्ञांनीं मधमाशीच्या अळ्यांत ठिपके देणाऱ्या एका प्रथिनाचें काम दाबून टाकलें. त्या अळ्यांपैकीं बहुसंख्य अळ्यांच्या पूर्ण वाढलेल्या अंडाशयांसह राणीमाश्या झाल्या; जणूं राणीचें खास अन्न खाऊनच त्या वाढल्या होत्या!

ही हकीकत ऐकून कोणी तुम्हांस सांगेल कीं, मनुष्याचें भाग्यही आहारानें असेंच लिहिलें जातें. आणि राणीमाशीच्या अन्नाची बाटलीही पुढें करील. तेव्हां खतावणीची आठवण ठेवा. मनुष्यांत एखाद्या जनुकाच्या आरंभीं ठिपक्यांची गर्दी झाली, म्हणजे तें जनुक बहुधा मुकें होतें. मधमाशींत ठिपके असतात ते जनुकांच्या अंगांत, आणि तेही बहुतेक सर्व पेशींत नित्य चालू असलेल्या जनुकांच्या. खूण एकच, पण पेढी निराळी, पान निराळें आणि हिशेबही निराळा.

उलट, केवळ फळमाशीवर विसंबून ‘ठिपक्यांस महत्त्व नाहीं’ असें आपण ठरविलें असतें, तर काय गमावलें असतें? ठिपक्यांची नक्कल होऊं न देणारें अझासिटिडीन हें औषध अस्थिमज्जेच्या एका गंभीर विकारावर अमेरिकेंत २००४ सालीं मंजूर झालें. फळमाशीच्या पोथींत ज्याचा पत्ता लागला नसता, तें कांहीं रुग्णांच्या उपयोगीं पडलें.

म्हणून शास्त्रज्ञ आतां एकाच प्राण्याच्या साक्षीवर निकाल देत नाहींत. २०२३ सालीं व्हिएन्ना येथील संशोधकांनीं ५८० जातींच्या प्राण्यांतील ठिपके ताडून पाहिले. सृष्टीनें एकच खूण सर्वांच्या हातीं दिली असली, तरी तिचा उपयोग प्रत्येक कुळानें आपापल्या रीतीनें केला आहे. एका प्राण्याविषयीं कळलेलें सत्य दुसऱ्यास लावण्यापूर्वीं त्या दुसऱ्या पेढीच्या मुनिमास विचारावें, एवढेंच आजचें माझें सांगणें.