वकिलाची वर्गणी
(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



माझी भाची न्यू जर्सीत नोकरी करते. वर्षअखेरीला तिची कंपनी पुढच्या वर्षासाठीचे विमे निवडायला सांगते. आरोग्याचा, दातांचा, डोळ्यांचा. गेल्या खेपेस त्या यादीत तिला आणखी एक रकाना दिसला, ‘कायदेविषयक योजना, महिना सुमारे 20 डॉलर’. तिने फोन केला, “मामा, खूण करू का?” चाळीस वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली केली, तरी मला चटकन उत्तर देता आलं नाही. मी योजनेची कागदपत्रं मागवून घेतली आणि बारीक अक्षरांसकट वाचली. तिला जे सांगितलं, तेच आज आपल्यापुढे सविस्तर मांडतो.

लोक या योजनांना सरसकट ‘कायद्याचा विमा’ म्हणतात, तिथूनच घोटाळा सुरू होतो. विमा उतरवायचा तो क्वचित येणाऱ्या, पण आलं तर कंबर मोडणाऱ्या संकटाचा. जर्मनीतला कायदा-संरक्षण विमा या कसोटीला उतरतो. तिथे दिवाणी दावा हरणाऱ्याला स्वतःच्या वकिलाची फी तर द्यावी लागतेच, शिवाय समोरच्याच्या वकिलाची फी आणि न्यायालयाचा खर्चही त्याच्याच डोक्यावर बसतो. समोरच्याला द्यायची फी कायद्यातल्या तक्त्यानुसार ठरते. म्हणून हरण्याची किंमत आधी मोजता येते, आणि मोजता येते म्हणून तिचा विमा उतरवता येतो. शिवाय खटल्यासाठी वकील कोणता घ्यायचा, हे ठरवण्याचा हक्क विमेदाराचा. युरोपात 1987 सालच्या निर्देशाने तो मान्य झालेला आहे.

अमेरिकेत रीत निराळी. तिथे जिंका नाहीतर हरा, साधारणपणे ज्याने त्याने आपल्या वकिलाचे पैसे द्यायचे. त्यामुळे तिथली योजना वेगळ्या वाटेने वाढली. लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट गावात 1971 साली बांधकाम मजुरांच्या संघटनेने एक प्रयोग केला. मजुरीच्या दर तासामागे 2 सेंट बाजूला काढायचे आणि त्या निधीतून सभासदांची वकिलाची कामं करायची. पुढे 1973 साली अमेरिकी संसदेने कामगार कायद्यात दुरुस्ती करून मालकांनाही अशा निधीत भर घालण्याची मुभा दिली. मला या प्रयोगाबद्दल फार आदर वाटतो. ज्या मजुराने कधी वकिलाचा उंबरा ओलांडला नव्हता, त्याला एकजुटीमुळे वकील मिळाला.

दुसरी वाट व्यापाराची. हार्लंड स्टोनसायफर या गृहस्थांना 1969 साली मोटार अपघात झाला. त्यात वकिलावर झालेल्या खर्चाने ते हबकले आणि 1972 साली त्यांनी ओक्लाहोमातल्या एडा गावी आगाऊ वर्गणीचा धंदा सुरू केला. आज तो ‘लीगलशील्ड’ या नावाने चालतो. वर्गणी महिन्याला 30 डॉलरच्या घरात आहे. तिथे सभासद आपल्या राज्यातल्या ठरलेल्या वकील कार्यालयाला फोन करतो. त्या कार्यालयाला दर सभासदामागे दरमहा ठरावीक रक्कम मिळते, सभासदाने फोन केला तरी आणि न केला तरी. म्हणजे हजारोंनी पैसे भरले आणि थोड्यांनीच फोन केले, तरच हे गणित जमतं. यात कुणाची फसवणूक नाही, वाचनालयाची वर्गणीही अशीच चालते. पण पुस्तक न आणणाऱ्याची वर्गणी वाया जाते, हेही तितकंच खरं.

आता हिशेब करू. महिना 30 डॉलर म्हणजे वर्षाला 360, दहा वर्षांत 3,600. त्या बदल्यात काय मिळतं? फोनवर सल्ला, एखादं वकिली पत्र, करार वाचून देणं, साधं मृत्युपत्र. आणि काय मिळत नाही? वर्गणी भरण्याआधीच उभा राहिलेला वाद बहुधा वगळलेला असतो. योजना कंपनीमार्फत घेतलेली असेल, तर त्याच कंपनीविरुद्धची तक्रार वगळलेली असते. मोठा खटला उभा राहिला, तर वकिलाचे ठरावीक तास मिळतात किंवा फीत सवलत मिळते, आणि उरलेला भार आपल्यावरच येतो. ज्या संकटाच्या भीतीने माणूस पैसे भरतो, नेमकं तेच पुष्कळदा बाहेर राहतं.

शिवाय अमेरिकेत काही दारं आधीच उघडी आहेत. अपघातात इजा झाली, तर तिथला वकील भरपाईतून वाटा घेतो, आगाऊ फी मागत नाही. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या निर्धन माणसाला सरकारने वकील दिलाच पाहिजे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली ठरवलं. न्यू जर्सीत 5,000 डॉलरपर्यंतचा छोटा दावा माणूस स्वतः चालवू शकतो. यासाठी वर्गणी कशाला?

मग खूण करायचीच नाही का? भाचीच्या बाबतीत मी ‘कर’ म्हणालो. ती त्या वर्षी घर घेणार होती. न्यू जर्सीत दलालाने तयार केलेल्या घराच्या करारावर सह्या झाल्यानंतर कामकाजाचे तीन दिवस मिळतात. त्या मुदतीत वकील करार तपासून रद्दही करू शकतो. तिला लेकरू लहान, तेव्हा पालक नेमणारं मृत्युपत्रही हवं होतं. तिच्या योजनेत ही दोन्ही कामं होती, आणि दोन्ही मिळून बाहेरची फी 240 डॉलरच्या कितीतरी पुढे गेली असती. मात्र मी तिला हेही सांगितलं, की पुढच्या वर्षी कामाची यादी कोरी असेल, तर खूण काढून टाक.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. पण वकिलाची पायरी चढू नये, असं त्या म्हणीत कुठे आहे? माझ्याकडे हातउसने दिलेल्या पैशांसाठी माणसं यायची, आणि पुष्कळदा तीन वर्षांची मुदत उलटून गेल्यावर यायची. साठेखत न वाचता सही करून मग यायची. वेळेवर विचारलेल्या एका प्रश्नाने जे वाचलं असतं, ते पुढे दहा तारखांनी परत आलं नाही. वर्गणी भरली आहे म्हणून एखादा माणूस वेळेत विचारायला धजावत असेल, तर तेवढ्यापुरती ती सार्थकी लागली, असं मी मानतो.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्याकडेही महिन्याच्या पैशांवर सल्ला देणाऱ्या ऑनलाइन सेवा दिसू लागल्या आहेत. भारतात वकिलाला जाहिरात करता येत नाही, निकालावर फी ठरवता येत नाही. वकिलांची ऑनलाइन जाहिरातबाजी चालणार नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये बजावलं. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा. सल्ला देणारा सनदधारक वकील आहे का? त्याचं नाव लेखी मिळेल का? काय वगळलं आहे?

आणि त्याहीआधी, जे आपलंच आहे ते ओळखा. 1976 साली घटनेत कलम 39-अ आलं आणि विनामूल्य विधी सहाय्य हे राज्याचं कर्तव्य ठरलं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 चा, तो 1995 साली अमलात आला. त्याच्या कलम 12 प्रमाणे कोणतीही स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार किंवा कोठडीतला माणूस मोफत वकील मागू शकतो. यांना उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीत तडजोड झाली, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. ग्राहक आयोगात तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो, आणि दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांचा मोबदला तुटपुंजा आहे आणि कामाचा दर्जा सगळीकडे सारखा नाही, हे मी या व्यासपीठावरून कबूल करतो. पण तो सुधारायला लावणं हे आपल्या सगळ्यांचं काम आहे, आणि त्यासाठी आधी मोफत वकिलाचा हक्क वापरावा लागेल.

तेव्हा माझा निकाल असा. येत्या वर्षातली कामं कागदावर लिहा. घर, मृत्युपत्र, करार अशी दोन-तीन कामं निघाली आणि ती योजनेत बसत असली, तर वर्गणी भरा. यादी कोरी असेल, तर तीच रक्कम दरमहा बाजूला ठेवा, आणि गरज पडेल त्या दिवशी आपल्या पसंतीच्या वकिलाकडे जा. आपल्या गावात, आपल्या आया-बहिणींना आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंना मात्र आजच एक क्रमांक लिहून द्या. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा तो क्रमांक आहे 15100, आणि त्याला वर्गणी नाही.