गडावर माणसें किती?

देशाला सैन्य किती हवें, हा प्रश्न नुसत्या शिरगणतीनें सुटत नाहीं. मुळशी तालुक्यांतील कोरीगड आणि घनगड यांच्याकडे पाहिलें कीं तो उलगडूं लागतो. कोरीगडाचा माथा ऐसपैस, तट लांब, घनगड लहान. दोहोंवर सारखीच शिबंदी ठेवली, तर एकीकडे तट ओस पडेल आणि दुसरीकडे धान्यपाणी पुरणार नाहीं.

कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ च्या सुमारास शिवछत्रपतींची गडव्यवस्था लिहून ठेवली. नऊ पाइकांवर दहावा नाईक. घेरा थोर असेल तेथें पांच-सात तटसरनोबत. म्हणजे माणसांचा आंकडा तटाच्या लांबीवरून ठरे.

मात्र माणसांच्या पाठीशीं साधनें लागतात. मार्च १८१८ मध्यें कर्नल प्रॉथरच्या तोफांनीं कोरीगडावरील दारूकोठार उडालें आणि १४ तारखेस गड पडला. माणसें उरलीं, लढण्याचें साधन संपलें.

प्रत्येक शिपायामागें अन्न, दारूगोळा व वेतन उभें करावें लागतें, आणि तें रयतेच्या कष्टांतून येतें. तट राखावयास किती हवेत आणि रयतेला किती पोसवतील, हे दोन आंकडे जुळत नसतील, तर राज्याचें धोरणच आधीं तपासावें लागतें.