भिंत तेवढीच, साठा जास्त



 सल्लागार अभियंत्यांच्या परिषदेला पुण्याहून हक्काचे गाव नाही, असे यजमान म्हणणारच. पण माझ्याकडे पुरावा आहे.

विश्वेश्वरय्या १८८३ साली इथल्याच कॉलेजातून बाहेर पडले. पुढे खडकवासला धरणाचे सांडव्यावरून वाया जाणारे पाणी त्यांना राखायचे होते. पुरात पाणी जिथवर चढते तिथवर ते एरवीही साठवायचे, त्याहून अधिक ताण भिंतीला द्यायचा नाही, हा त्यांचा हिशेब. सांडव्यावर बसवलेली दारे पाणी ठरल्या पातळीला आले की आपसूक उघडत, पूर ओसरला की मिटत. साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली, भिंत होती तेवढीच राहिली. त्या दारांचे पेटंटही झाले.

तोवर ते सरकारी नोकर होते. सल्लागार झाले निवृत्तीनंतर. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो बळी घेतले आणि निजाम सरकारने त्यांना पाचारण केले. ते नदीकाठच्या भिंतींवर थांबले नाहीत. वरच्या पाणलोटातले फुटलेले तलाव तपासले आणि शहराच्या वर दोन जलाशय सुचवले. उस्मानसागर १९२० साली झाला, हिमायतसागर १९२७ साली. तोवर ते म्हैसूरचे दिवाण होऊन त्या पदावरून उतरलेही होते.

आज वरच्या पाणलोटाचा सर्व्हे हवा म्हटले, तर क्लायंट विचारतो, ‘स्कोपमध्ये आहे का?’ नसतोच. कारण एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीचे, ठरण्यासाठी आपणच तो टेंडरमधून कापलेला असतो!

स्वागताच्या भाषणात अभद्र बोलू नये म्हणतात. पण १२ जुलै १९६१ वगळून पुणेकराला धरणांवर बोलता येत नाही. पानशेत धरणाचे काम अपुरे असताना पहिल्याच पावसाळ्यात पाणी भरू दिले गेले. ते धरण फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याची भिंतही गेली. ‘यंदा पाणी भरू नका’ असे लेखी देणारा आणि त्यापायी पुढचे काम गमावणारा माणूस आपल्या पेशाला लागतो. या परिषदेतल्या फीच्या चर्चासत्रात दरांबरोबर या माणसाचाही विचार व्हावा, असे मी सुचवतो.

उद्या सकाळी सातला खडकवासल्याची बस सुटेल. नाश्ता तिथेच आहे. जेवणात, मुक्कामात काही कमी-जास्त झाले तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. आता अध्यक्षांना विनंती करतो, त्यांनी परिषदेचे उद्घाटन करावे.