परदेशची बाजारपेठ आणि आपले लहान कारखानदार

(वालूर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर बोलावे, असे कार्यकारी मंडळाने सुचविले होते. पस्तीस वर्षे खडू झिजविल्यानंतर त्या विषयावर नवे काही सांगणे आमच्याने होणार नाही. म्हणून मंडळाची क्षमा मागून आज आम्ही एका लाकडी पेटीविषयी बोलणार आहोत.

आपली ज्ञाती घणाची, रंध्याची व कानशीची. तिफण, वखर, गाडीच्या चाकाची धाव हे सारे आपल्याच घरांतून शेतकऱ्याच्या दारी गेले. ट्रॅक्टर आला आणि भाते थंडावले. परंतु हातातील कसब थंडावले नाही. आज आपली काही मुले सांडपाणी शुद्ध करणारी, धूर गाळणारी, कचऱ्यापासून इंधन करणारी यंत्रे बनवीत आहेत. पर्यावरण हा शब्द आमच्या लहानपणी फारसा कोणी उच्चारीत नसे, पण ती दृष्टी मात्र होती. याच वालूर गावची वळत वळत खाली उतरणारी पायऱ्यांची बारव ज्यांनी बांधली, त्यांनी पाणी कसे जपावे हे दगडात लिहून ठेवले आहे. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी स्वतः राबून तिचा गाळ काढला, ही गोष्ट आपणांस ठाऊकच आहे.

आमच्या पुतण्याचा सेलूस लहानसा कारखाना आहे. आपल्याकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या बांधावर पेटवून देतात. त्या पऱ्हाट्यांचा भुगा करून जळणाच्या कांड्या दाबणारे यंत्र त्याने तयार केले. केनिया देशात २०१८ साली सरकारी जंगलांतील तोडीवर बंदी आली होती आणि लाकडी कोळशाची टंचाई झाली होती. तिकडील एका व्यापाऱ्याने यंत्र पाहिले, पसंत केले व दोन नग मागविले. निम्मी रक्कम आगाऊ, निम्मी माल ताब्यात आल्यावर, असे ठरले. इंग्रजी पत्रव्यवहार आम्ही केला. मॅट्रिकच्या इंग्रजीवर आम्ही समुद्र ओलांडला, असा थोडा गर्वही तेव्हा झाला होता.

यंत्रे भरण्यासाठी पेट्या हव्या होत्या. आमच्या परसातील कडुनिंब वादळात पडला होता. त्याच्या फळ्या आम्हीच दिल्या. पेट्या घरच्याच सुतारांनी केल्या आणि त्यांचे सांधे असे जुळले होते की पाहणाऱ्याने बोट फिरवावे. २०२३ च्या पावसाळ्यात माल न्हावाशेवा बंदरातून निघाला आणि मोंबासा बंदरावर अडकला.

यंत्रात दोष नव्हता. दोष पेटीत होता. परदेशी पाठवावयाच्या पेटीचे कच्चे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णतेवर सलग ३० मिनिटे तापवावे लागते किंवा त्यास मान्य असलेली धुरी द्यावी लागते. नंतर अधिकृत केंद्राकडून त्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला शिक्का मारून घ्यावा लागतो. लाकडातील कीड एका देशातून दुसऱ्या देशाच्या अरण्यात जाऊ नये, यासाठी हा नियम २००२ साली जगभराकरिता ठरला आहे. निंबाला कीड लागत नाही, हे आमच्या आजोबांचे ज्ञान. बंदरावरील अधिकाऱ्यास आजोबांचे ज्ञान नको होते, शिक्का हवा होता. आणि नियम पाहता त्याचेच बरोबर होते. प्लायवुडची पेटी केली असती तर ही उपाधी उद्भवलीच नसती.

माल जहाजावर चढविला की आपली जबाबदारी संपली, असा आमचा समज होता. पण सदोष बांधणी ही विक्रेत्याची चूक. बंदरातील जागेचे भाडे दिवसागणिक चढत गेले आणि व्यापाऱ्याने तो सारा खर्च उरलेल्या रकमेतून कापून घेतला. नफा तर गेलाच, शिवाय पुतण्याच्या पत्नीच्या पाटल्या बँकेत गहाण पडल्या. त्या माऊलीने आम्हांस एक शब्दही विचारला नाही, हेच आम्हांस अधिक लागले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सिंगापूर येथे 'अर्थशॉट' या जागतिक पुरस्काराची घोषणा झाली. त्यात वैभव तिडके व त्यांच्या सहकाऱ्यांची 'एसफोरएस' ही संस्था होती. सूर्याच्या उष्णतेवर भाजीपाला वाळविणारी यंत्रे शेतकरी स्त्रियांच्या हाती देऊन नासाडी थांबविण्याचे काम तिने आपल्या मराठवाड्यातही केले आहे. पुण्यास प्रमोद चौधरी यांनी १९८३ साली आरंभिलेल्या 'प्राज'चे मद्यार्क-इंधनाचे तंत्र आज शंभराहून अधिक देशांत पोहोचले आहे. तेव्हा मराठी माणसाचे यंत्र परदेशी चालत नाही, असे कोणी म्हणू नये. मात्र मोठ्या कारखान्यात कागदपत्रे, मानके, पेट्या पाहणारा एक स्वतंत्र विभाग असतो. आपला लहान कारखानदार स्वतःच घण मारतो, स्वतःच हिशेब लिहितो आणि रात्री परदेशी पत्राचे उत्तरही स्वतःच देतो. तो अडतो तो येथे.

वस्तुतः साह्य करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. निर्यातीचा परवाना-क्रमांक ५०० रुपयांत घरबसल्या मिळतो. अभियांत्रिकी मालाच्या निर्यातीसाठी १९५५ पासून स्वतंत्र परिषद आहे. परदेशी ग्राहकाने पैसे बुडविल्यास बऱ्याच अंशी भरपाई देणारे निर्यात पत हमी महामंडळ १९५७ पासून मुंबईत आहे. (आपल्या स्वतःच्या चुकीस मात्र तेथे संरक्षण नाही, हे आम्ही पेटीनंतर शिकलो.) केनियासारखे देश माल निघण्यापूर्वीच तपासणीचा दाखला मागतात. तो पुतण्याने आठवणीने घेतला होता, म्हणून निदान यंत्रे तरी परत आली नाहीत. सीमा ओलांडावयाची म्हणजे कागद हवाच, हे आपणांस नवे नाही. निजामी अमलातील करोडगिरीच्या नाक्यांच्या गोष्टी आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितल्याच आहेत.

आता मंडळास रुचणार नाही असे थोडे बोलतो. आपला सभागृह-निधी कित्येक वर्षे साठत आहे. मंगल कार्यालय व्हावे, त्यास आमचा विरोध नाही. त्या निधीत आमचाही अल्प वाटा आहे. पण त्याच्या व्याजातून आपल्या ज्ञातीतील वाणिज्य शाखेच्या दोन पदवीधरांना, त्या मुली असल्या तर अधिक उत्तम, निर्यातीच्या कामाचे रीतसर शिक्षण द्यावे. त्यांनी सर्व लहान कारखानदारांचे कागद पाहावेत व कामाच्या मानाने मोबदला घ्यावा. एकट्यास जो पगार झेपत नाही तो दहांस झेपतो. दरवर्षी गुणवंतांना आपण पेले व शाली देतो. पेला कपाटात जातो आणि शाल ट्रंकेत. काही सभासद म्हणतील, एका घरच्या नुकसानीसाठी साऱ्यांचा पैसा का? त्यांनी आपापल्या मुलांना विचारावे. गेल्या दिवाळीपासून तिघे तरुण आमच्याकडे परदेशी मागणीची पत्रे घेऊन आले आणि तिघांनाही आम्ही 'जरा थांबा' इतकेच सांगू शकलो.

हा ठराव आजच्या सभेपुढे मांडावा, अशी अध्यक्षांस विनंती आहे.

पुतण्याने धीर सोडलेला नाही. त्याच व्यापाऱ्याने यंत्रे चांगली चालतात असे कळवून आणखी एक नग मागविला आहे. येत्या महिन्यात तो निघेल. पेटीवर ओंबीचा शिक्का आहे की नाही, ते पाहण्यास आम्ही चष्मा घेऊन स्वतः सेलूस जाणार आहोत.