नाईक, सरपंच आणि वाडी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



तुम्ही कापूस-ज्वारीवाले, मी उरणकडचा. आमच्याकडं भाताची खाचरं आणि मिठागरं होती, तिथं आता द्रोणागिरी नावाचं शहर उभं राहतंय. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठला. १९८४ च्या जानेवारीत गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड देणं सरकारला भाग पडलं. विजयच तो. पण भूखंड मिळाला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. कातकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर कुठून असणार? अनेक वाड्यांतल्या झोपडीखालची जमीनसुद्धा दुसऱ्याची.

याच तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. तिथल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी आहे. त्याच्या नावानं आम्ही दरवर्षी हार घालतो. त्याच्या जातभाईंना ग्रामसभेला बोलावतो का, हे मात्र विचारू नका!

पूर्वी वाडीचा कारभार नाईक बघायचा. भांडण, सोयरीक, देणंघेणं, सगळं त्याच्या दारात मिटायचं. मी त्याचे गोडवे गात नाही. जातीच्या पंचांचा दंड गरिबालाच जास्त लागतो, आणि तिथं बाईचा आवाज सहसा निघत नाही. पण वाडीतला माणूस निदान हाकेच्या अंतरावर असायचा. आता कारभार ग्रामपंचायतीत गेला. राखीव जागेवर वाडीचा सदस्य निवडूनही येतो. पण मोठ्या गावापुढं वाडीची मतं किती? शिवाय ग्रामसभा २६ जानेवारीला आणि १ मेला. दिवाळीनंतर कातकरी उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेला असतो, तो परततो पावसाच्या तोंडावर. सभेत ठराव होतो, "सर्वानुमते मंजूर". सर्व म्हणजे कोण?

१९९६ च्या पेसा कायद्यानं वाडी-पाड्याला स्वतःची ग्रामसभा करता येते. पण तो फक्त अनुसूचित क्षेत्राला, आणि रायगड त्यात नाही. गडचिरोली आहे. तिथं मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतःच्या हातात घेतले. देवाजी तोफांच्या त्या गावात हात वर करून बहुमत मोजत नाहीत; सगळ्यांचं पटेपर्यंत बसतात, आणि बायका त्यात असतात. बसून ठरवण्याची रीत जुनीच, बसणारी माणसं मात्र वाढली.

तुमच्या यवतमाळात केळापूर, घाटंजीकडची गावंही या कायद्यात आहेत. म्हणजे आमच्याकडं नसलेलं हत्यार तुमच्या हातात आहे. एकाधिकार कापूस खरेदी होती तेव्हा आपण गर्जून विचारत होतो, भाव ठरवताना शेतकऱ्याला विचारलं का? आज पोडावरचा कोलाम तेच आपल्याला विचारू शकतो. विहीर कुठं खोदायची, रस्ता कुठून न्यायचा, हे ठरवताना आम्हाला विचारलं का? सरपंच बहुधा आपल्यातलाच असतो, म्हणून उत्तर मुंबईनं नव्हे, आपण द्यायचं आहे.

येत्या वेचणीत एवढं करून बघा. सभा दुपारी ठेवू नका, तेव्हा पोडातल्या बाया तुमच्याच वावरात कापूस वेचत असतात. रात्री ठेवा, पोडावर ठेवा, दोन दिवस आधी नाईकाला निरोप धाडा. आणि रजिस्टर आधी बायांच्या हाती द्या.